घडीची सायकल घ्यावी, की जुनीलाच मोटर बसवावी?

गेल्या सोमवारी सकाळची गर्दी ओसरल्यावर एक ओळखीचे गृहस्थ सपत्निक दवाखान्यात आले. वय ५२, नोकरी सरकारी कचेरीत, मधुमेहाला सहा वर्षे झालेली. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी या वेळी ८.४ आली होती. रक्तदाबाची गोळी चालू आहेच. कमरेचा घेर १०२ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी तो ९० च्या आत असावा असे मानतात, स्त्रियांसाठी ८० च्या आत. वडील ५८ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. तेव्हा हे गृहस्थ कॉलेजात होते आणि त्या रात्रीची आठवण त्यांनी मला दोन-तीनदा सांगितली आहे. म्हणजे भीती मनात आहे. नाही ती सवय.

त्यांनी खिशातून दोन कागद काढून टेबलावर ठेवले. पहिल्यावर पुण्याच्या मुलाने पाठवलेली घडीच्या सायकलची माहिती होती. दुसऱ्यावर आपल्या गावातल्या सायकल मिस्त्रीने स्वतःच्या अक्षरात लिहिलेला हिशेब होता: घरातल्या जुन्या सायकलला बॅटरी आणि मोटर बसवण्याचा. "डॉक्टर, यातले कोणते ते तुम्हीच लिहून द्या," ते म्हणाले. त्यांच्या पत्नी मात्र हसल्या. "ह्यांना काहीही लिहून द्या. मागे चालायचे बूट आणले ते माझा भाऊ घालतो."

मी त्या दिवशी उत्तर दिले नाही, गुरुवारी या म्हणालो. हाच प्रश्न आता वेगवेगळ्या तोंडांनी मला वर्षभर विचारला जातो आहे, म्हणून त्यांना जे सांगितले ते येथे थोडे विस्ताराने लिहितो.

आधी एक कबुली दिली पाहिजे. सायकलला मोटर बसवणे ही व्यायामाची चक्क फसवणूक आहे, असे माझे बरीच वर्षे मत होते. पायडल मारायचे नसेल तर सायकल कशाला, स्कूटर काय वाईट, असे मी रुग्णांना ऐकवत असे. अशाच एका रुग्णाला, त्याचे घर चढावर असताना, मी साधी सायकलच घे म्हणून आग्रह केला होता. त्याने नवीकोरी गिअरची सायकल घेतली. पहिल्या आठवड्यात चढावर अर्ध्यात उतरून ढकलत नेली, दुसऱ्या आठवड्यात दोनदा नेली, तिसऱ्या आठवड्यात ती जिन्याखाली गेली. पुढे त्याच्या घरी तपासायला गेलो तर तिच्या हँडलला ओल्या छत्र्या वाळत घातलेल्या. त्याची साखर जिथे होती तिथेच राहिली आणि दोन वर्षांनी गोळ्यांवरून इन्सुलिनवर आली. सगळा दोष सायकलचा नव्हता, हे खरे. पण सल्ला माझा होता.

चढाचा हिशेब मी तेव्हा केला नव्हता. तो अवघड नाही. ७५ किलोचा माणूस आणि २० किलोची सायकल असे ९५ किलो वजन समजा ५० मीटर उंच न्यायचे आहे. पाच मिनिटांत ते करायचे तर निव्वळ चढण्यासाठीच दीडशे वॅटपेक्षा अधिक शक्ती लागते. सवय नसलेला पन्नाशीचा माणूस फार वेळ टिकवून धरू शकतो ती शक्ती साधारण ७५ ते १०० वॅटची. म्हणजे जवळजवळ दुप्पट मागणी. धाप लागते, मांड्या भरून येतात, छातीत धडधडते आणि "आपल्याला हे जमायचे नाही" असा निकाल मन तिथल्या तिथे देऊन टाकते. हेच अंतर दहा मिनिटांत कापायचे म्हटले, तर सायकल चालण्याच्या वेगावर येऊन डुलायला लागते. या माणसाला कोणीतरी मागून अलगद हात लावला असता, तर तो उतरला नसता. मोटरचे काम एवढेच आहे, मागून हात लावण्याचे. फक्त तिने तेवढ्यावर थांबले पाहिजे.

आपले सातारा गावच पाहा. राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे येताना सायकलला पायडल मारावेच लागत नाही, आणि परत जाताना शाळकरी पोरेसुद्धा सीटवरून उठून जोर लावतात. रेल्वे स्टेशन तर गावाबाहेर माहुलीच्या अंगाला. आमच्या गृहस्थांचे घर वरच्या भागात आणि त्यांना रोज ते स्टेशन गाठायचे असते, कारण नोकरी दोन-तीन स्टेशने पलीकडच्या गावी. सकाळी सहा-सात किलोमीटर एकंदर उतार, संध्याकाळी तेवढाच चढ, तोही दिवसभराच्या कामाने आंबलेल्या अंगाने. सध्या हे सगळे स्कूटरवर होते. गाडीत बसून जातात, कचेरीत बसून काम करतात, परत बसून येतात.

बसून राहण्याची ही किंमत वैद्यकशास्त्राला कळली, ती एका बससेवेमुळे. जेरी मॉरिस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतर करणारा. ड्रायव्हरांमध्ये हृदयविकार अधिक आढळला आणि १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झाले. मॉरिस प्रामाणिक माणूस. ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर कंडक्टरांपेक्षा मुळातच मोठी असते, हेही त्यांनीच १९५६ मध्ये गणवेशांच्या मापांवरून दाखवले. म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येत नाही. तरी पुढच्या अभ्यासांनी मूळ गोष्ट खरीच ठरवली. ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापला. त्यात सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचे प्रमाण, मोटारीने वा बस-रेल्वेने जाणाऱ्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी आढळले. सायकल चालवणारे लोक मुळात अधिक निरोगी असू शकतात, हा विजारींचाच मुद्दा इथेही लागू आहे. पण अर्धा फायदा धरला तरी त्या तोडीची गोळी माझ्या कपाटात नाही.

राहता राहिला प्रश्न मोटरच्या सायकलने व्यायाम होतो का, याचा. माझे मत बदलले ते यावरचे वाचन केल्यावर. अमेरिकेत बोल्डर येथील कोलोरॅडो विद्यापीठात व्यायाम न करणाऱ्या २० जणांना महिनाभर, आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटे मोटरची मदत असलेली सायकल चालवायला दिली. त्यांची दमछाक न होता श्रम करण्याची क्षमता वाढली आणि ग्लुकोज पाजून केलेल्या तपासणीत साखरही सुधारली. २०१६ सालचा हा प्रयोग लहान आहे, पण त्यातली माणसे आपल्यासारखी, मोटारीने कामावर जाणारी होती. पुढे २०१९ मध्ये युरोपातल्या सात शहरांतली पाहणी आली. तीत मोटरवाले आणि साधे सायकलवाले यांची आठवड्याची एकूण हालचाल जवळजवळ सारखी निघाली. कारण मजेदार आहे. मोटरवाला प्रत्येक किलोमीटरला कमी दमतो, पण तो जातो मात्र लांब.

इथे माझे अनेक वाचक खूश होऊन मिस्त्रीकडे निघतील, म्हणून त्यांना थांबवतो. युरोपातली ही सायकल वेगळी. तिथल्या नियमाने पायडल मारले तरच मोटर मदत करते, आणि ताशी २५ किलोमीटरला ती मदत बंद होते. आपल्याकडे जो किट बसवून मिळतो, त्यात बहुधा हँडलला एक मूठ किंवा अंगठ्याचा खटका असतो. तो दाबला की पाय स्वस्थ ठेवूनही सायकल पळते. म्हणजे ती झाली चेन लोंबणारी मोपेड. तिने पेट्रोल वाचेल, पार्किंगची चिंता मिटेल, हवेत धूर जाणार नाही, पण रक्तातल्या साखरेला तिचा काडीचाही उपयोग नाही. मधुमेही माणसाने असा किट घेतला आणि मूठ तशीच राहू दिली, तर पहिल्या पावसाळ्यापर्यंत तो पायडल मारायचे विसरतो. हे मी दोन घरांत पाहिले आहे.

म्हणून माझी पहिली अट: मिस्त्रीला सांगून मूठ काढून टाकायची. खालच्या कपाच्या ठिकाणी पायडलबरोबर फिरणारी लोहचुंबकांची एक चकती बसवतात. पायडल फिरू लागले की ती मोटरला इशारा देते. तेवढी ठेवायची. यातही एक गोम आहे. स्वस्त किटमधल्या चकतीला पायडल फिरते आहे एवढेच कळते, पायात जोर किती आहे ते कळत नाही. नुसते पाय गरगर फिरवले तरी मोटर इमानाने ओढते. पायाचा दाब मोजणारा सेन्सर मिळतो, पण महाग पडतो. तो परवडत नसेल तर मदतीची सर्वांत खालची पायरी ठेवावी आणि चढ आला की एक पायरी वाढवावी. आपण ठीक करतो आहोत की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे. सायकलवर असताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. गाणे म्हणता येत असेल तर मोटर जास्त काम करते आहे. बोलताही येत नसेल तर तुम्ही.

कायद्याचेही सांगतो, कारण मिस्त्री ते सांगत नाही. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे अशी मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच सायकल ही सायकल राहते. नंबर नको, लायसन नको. बाजारात ३५० आणि ५०० वॅटचे, कधी त्याहून मोठे किट सहज मिळतात आणि 'जादा पॉवर' म्हणून खपवले जातात. ते बसवले की तुम्ही विनानंबर, विनाविमा मोटारवाहन चालवता. अपघात झाला तर त्याचा अर्थ वकिलाला विचारा. डॉक्टर म्हणून मला चिंता आहे ती ब्रेकची. आपल्या जुन्या दांडीच्या सायकलींचे सळईचे ब्रेक माणसाच्या पायाच्या वेगाला पुरावेत इतकेच. क्रोमच्या रिमवर पाणी आले की तेही निम्म्याहून अधिक निकामी होतात. त्यात मोटर आणि बॅटरी मिळून सहा-सात किलोंची भर. पोवई नाक्याच्या उतारावर, भर पावसात, या सायकलवर ५२ वर्षांचा माणूस बसलेला मला बघवणार नाही. तेव्हा जुनीला मोटर बसवायचीच असेल तर आधी फ्रेम आणि पुढचा चिमटा तपासून घ्या, गंज असेल तर विषय सोडून द्या, आणि अ‍ॅल्युमिनियमची रिम नि चांगले ब्रेक, जमल्यास डिस्क ब्रेक, हा खर्च हिशेबात धरा. ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे हँडलचे खटके किटबरोबर येतात. ते बसवलेच पाहिजेत. वडिलांची आठवण म्हणून ठेवलेली सायकल या सगळ्यात टिकत नाही असे दिसले, तर ती आठवण म्हणूनच ठेवावी.

बॅटरीविषयी दोन शब्द. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर या मापाची बॅटरी पूर्ण भरायला वीज लागते जेमतेम युनिटच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी अधिक. विजेच्या बिलाची चिंता नको. चिंता आगीची करावी. लिथियमची बॅटरी फुगली, आपटली किंवा भिजली तर ती वापरू नये. चार्जर तिचाच असावा, शेजाऱ्याच्या स्कूटरचा नव्हे. आणि रात्री सगळे झोपले असताना जिन्याखाली किंवा बाहेर पडण्याच्या दारात ती चार्जिंगला लावून ठेवू नये, कारण पेट घेतला तर बाहेर पडायचा रस्ता तोच असतो.

आता घडीच्या सायकलकडे वळू. ही वस्तू मला मनापासून आवडते. लंडनच्या अँड्र्यू रिची नावाच्या इंजिनिअरने १९७५ च्या सुमारास आपल्या खोलीत बसून अशी एक सायकल तयार केली, खिडकीतून दिसणाऱ्या चर्चवरून तिला ब्रॉम्प्टन नाव दिले, आणि आज जगभर ती चालते. तिन्ही बाजूंनी दुमडली की बॅगेसारखी हातात येते. पण तिचा सगळा गुण एकाच गोष्टीत आहे: सायकल जेव्हा तुमच्याबरोबर प्रवास करणार असेल तेव्हा. ज्याला गाडीतून उतरल्यावर पुढे तीन-चार किलोमीटर जायचे आहे, ज्याच्या घरी सायकल ठेवायला जागा नाही, ज्याला ती तिसऱ्या मजल्यावर खोलीत न्यावी लागते, त्याच्यासाठी तिला तोड नाही. याच गृहस्थांची मुलगी पुण्यात मेट्रोने कामाला जाते आणि भाड्याच्या लहान खोलीत राहते. तिला मी डोळे मिटून घडीची सायकल सांगेन. जे मुलाने वडिलांसाठी शोधले, ते खरे त्याच्या बहिणीच्या कामाचे आहे.

वडिलांचे काय? मी त्यांना विचारले, गाडीतून उतरल्यावर कचेरी किती लांब? म्हणाले, दहा मिनिटे. मग ती दहा मिनिटे चाला की! त्यासाठी १२ ते १५ किलोचा बोजा स्टेशनच्या जिन्यावरून, गर्दीच्या डब्यात, रोज दोनदा न्यायचा आणि उतरवायचा? त्यांना चार वर्षांपूर्वी मणक्याची चकती सरकल्याचा त्रास झालेला आहे. वाकून, अंगापासून लांब धरून, एका बाजूने वजन उचलणे हे त्या कमरेला सर्वांत वाईट. शिवाय या सायकलींची चाके लहान, १६ किंवा २० इंची. मोठे चाक ज्या खड्ड्यावरून जाते त्यात लहान चाक उतरते. पावसाळ्यानंतरचा आपला रस्ता आठवा. हँडलही जरा चंचल असते, सवयीला आठ-दहा दिवस लागतात. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, ज्यांना चक्कर येते किंवा मधुमेहाने तळपाय बधिर झाले आहेत, त्यांनी लहान चाकाचा मोह टाळावा. आणि चढ? तीन गिअर असले तरी चढ हा चढच राहतो. मोटर बसवलेल्या घडीच्या सायकलीही मिळतात, पण त्यांचे वजन वीस किलोंच्या आसपास किंवा पुढे जाते. म्हणजे जो एक गुण होता तोच गेला.

दोन्हींपैकी काहीच नको, असेही बरेच रुग्ण असतात. परवाच एक निवृत्त शिक्षिका आल्या. गुडघ्याच्या संधिवाताचे दुखणे, राहणे सपाटीला, जाणे मंडईपर्यंत आणि लेकीकडे, मिळून तीन किलोमीटर. त्यांनाही सुनेने मोटरचे सुचवले होते. मी म्हटले, बाई, तुमची जुनी लेडीज सायकल माळ्यावरून काढा, टायर-ट्यूब नवे घाला, ब्रेकचे रबर बदला आणि आधी महिनाभर ती चालवा. सायकलवर शरीराचे बरेचसे वजन सीट घेते. चालताना, त्यातही जिने चढताना जो भार गुडघ्यावर येतो तो इथे नसतो, म्हणून दुखऱ्या गुडघ्यालाही सायकल मानवते.

मानवते, पण सीटची उंची बरोबर असेल तर. हे जरा सविस्तर सांगतो, कारण गुडघा दुखतो म्हणून सायकल सोडणाऱ्यांपैकी निम्म्यांचे कारण तेच असावे, असे मला वाटते. आपल्याकडे सीट खाली ठेवण्याची खोड आहे. बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, असा हट्ट असतो. त्यामुळे पायडल वर आले की गुडघा फार दुमडतो, वाटीमागे दाब वाढतो आणि पंधरा दिवसांत जिना उतरताना कळ येऊ लागते. माप असे घ्यावे: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारले की गुडघ्याला नेमका वाक राहतो. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचे. सुरुवातीला भीती वाटते, पण आठवड्यात जाते. घडीच्या सायकलच्या बाजूने एक गोष्ट सांगायची राहिली, ती ही. तिची सीटची दांडी लांब असल्याने घरातल्या सगळ्यांना उंची जुळवून घेता येते.

औषधे घेणाऱ्यांसाठी थोडे. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या, किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर श्रमाने एकदम उतरू शकते. खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा आणि हात थरथरले, दरदरून घाम आला तर उतरून आधी ते खा. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल घेणाऱ्यांची नाडी श्रमाने फारशी वाढत नाही, तेव्हा मनगटावरच्या घड्याळातले ठोके पाहून आपली दमछाक मोजू नका, बोलण्या-गाण्याची खूणच बरी. श्रमाने छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखते, अँजिओप्लास्टी नुकतीच झाली आहे, डोळ्याच्या पडद्यातून रक्तस्राव झाला आहे, फिट येतात, अशांनी कोणतीही सायकल आणण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटावे. आणि हेल्मेट. मोटरवाल्याने तर घालावेच. मोटर नसणाऱ्यानेही घालावे, म्हणजे मला त्याची ओळख टाके घालताना व्हायची नाही.

गुरुवारी गृहस्थ पुन्हा आले, तेव्हा मी त्यांच्यासाठी हिशेब मांडून ठेवला होता. सकाळच्या उताराचे श्रम धरायचे नाहीत. संध्याकाळचा चढ मोटरच्या हलक्या मदतीने अर्ध्या तासाचा, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे १५० मिनिटे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला मध्यम श्रमाची निदान १५० मिनिटे सांगते. वेगळा वेळ काढायचा नाही, पहाटे उठायचे नाही, बूट भावाला द्यायचे नाहीत. "म्हणजे मिस्त्रीचा कागद?" त्यांनी विचारले. मी म्हटले, मिस्त्रीचाच, पण मूठ काढून आणि ब्रेक बदलून. वडिलांच्या सायकलची फ्रेम मिस्त्रीने तपासली तर खालच्या नळीला गंज निघाला. ती भिंतीला टेकवून ठेवली आहे. मोटर शेजाऱ्यांच्या मुलाने कॉलेज संपल्यावर सोडलेल्या सायकलला बसते आहे. तिला डिस्क ब्रेक आहेत.

त्यांच्या पत्नीने एकच शंका काढली. पावसाळ्यात काय? मी म्हटले, मुसळधार असेल त्या दिवशी स्कूटर न्या, रिमझिम असेल तर रेनकोट घाला आणि बॅटरीवर प्लॅस्टिक बांधा. स्टेशनवर सायकलला साखळी घाला आणि बॅटरी काढून कचेरीत न्या, ती अडीच-तीन किलोंची असते. गोळ्या मी कमी केलेल्या नाहीत. साखर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायची आहे. मिस्त्रीने काढलेली मूठ त्यांनी माझ्या टेबलाच्या खणात आणून ठेवली आहे. घरी ठेवली तर पुन्हा बसवीन, असे म्हणाले.